पाठमोरे स्वागत

सासूने नातीचे मनगट पकडले आणि वर गेलेला इवलासा हात खाली दाबून धरला.

"आजी, दुखतंय."

"दुखू दे. धक्क्यावर भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, किती वेळा सांगू?"

"अजून बोट दिसतही नाहीये, आई," सून म्हणाली. "आणि असं स्वागत मी फक्त शिक्षा झालेल्या वर्गात पाहिलंय."

"तुझ्या माहेरी तोफा उडवत असतील. आमच्याकडे नाही उडवत."

सुनेने हसू दाबले. नवऱ्याला पाण्यापलीकडे नोकरी लागल्यापासून त्याला घ्यायला ती प्रथमच आली होती, आणि बोट दिसली की मायलेकींनी हात हलवायचे, तिकडून त्याने टोपी हलवायची, असे फोनवर ठरले होते. "आई भिंतीकडे बघत असेल, तिला काय कळणार," असे तोच म्हणाला होता.

धक्क्यामागची भिंत लांबलचक होती. कपाळाच्या उंचीवर तिचा चुना झिजून गुळगुळीत झाला होता. गावातली माणसे पिढ्यानपिढ्या तिथे कपाळ टेकून, समुद्राकडे पाठ करून, आपल्या माणसांची वाट पाहत आली होती. परगावचे लोक याला उर्मटपणा म्हणत. विद्वानांनी यात कुठल्याशा जलदेवतेचा धाक शोधून काढला होता. विद्वानांना देवता लवकर सापडतात.

भिंतीच्या टोकाला बोट कंपनीने बसवलेली शिळा होती. फार पूर्वी इथेच, हाकेच्या अंतरावर, प्रवासी बोट उलटली होती. स्वागताला जमलेल्यांनी हात हलवले, म्हणून प्रवासी एका बाजूला धावले, म्हणून बोट उलटली, हा चौकशीचा निष्कर्ष शिळेवर कोरलेला होता. कंपनीचे नाव ठळक होते. बुडालेल्यांची नावे नव्हती. बोटीच्या मापाच्या दुप्पट माणसे तिच्यात चढवली कोणी, हा प्रश्न शिळेवर मावला नसावा. कंपनीला नवी बोट मिळाली. गावाला आपले हात मिळाले, जन्मभर सांभाळायला.

"माझी आई तेव्हा हिच्याएवढी होती," सासू भिंतीकडे पाहतच म्हणाली. "काकाच्या खांद्यावर बसून रुमाल हलवत होती. तिचा बाप बोटीच्या कठड्याशी आला. तेवढंच तिला आठवायचं. मरेपर्यंत उजवा हात अंगाखाली दाबून झोपली."

"त्यात त्यांची काय चूक, आई?"

"चौकशी तू केली होतीस का?"

धक्क्यावरचा कर्णा खरखरला. दुसरी बोट नादुरुस्त असल्याने तिचेही प्रवासी याच बोटीने येत आहेत; गैरसोयीबद्दल दिलगिरी. गावकरी एकेक करून भिंतीकडे वळले. परगावची मंडळी ओढण्या आणि टोप्या उंचावत पुढे धावली.

दीपस्तंभाला वळसा घालून बोट आली. कठड्याला माणसांचे घोस लगडले होते, आणि त्यांत निळी टोपी उंच धरलेला नवरा होता. सुनेचा हात उठला.

तो कोपरापर्यंत आला आणि थांबला. ती चष्म्याच्या दुकानात काम करत असे. चौकट नाकावर सरळ बसली की किंचित कलली, हे नुसत्या नजरेने ओळखण्याचा तिला पगार मिळे. बोटीचा कठडा क्षितिजाशी समांतर नव्हता. धक्क्याकडची बाजू खाली होती. नवऱ्याने टोपी हलवली, त्याच्या मागची माणसे पुढे रेटली, आणि ती बाजू केसभर आणखी खाली आली.

ओरडावे असे तिला वाटले; पण ओरडली असती, तर काय झाले ते बघायला आणखी चौघे कठड्याशी आले असते. तिने लेकीचे तोंड पोटाशी दाबले आणि कपाळ भिंतीला टेकले. चुना गार होता. कपाळ त्यात असे बसले, जणू कोणी माप घेऊनच ठेवले होते.

"बाबा दिसला का?" पोटाशी दबलेला आवाज आला.

"गप."

मागे कोणीतरी किंचाळले. किंकाळी हसण्याची होती की दुसरी, हे पाठीला कळत नाही. साखळी खडखडली. यंत्र घरघरून बंद पडले, आणि त्या शांततेत सासूचा श्वास तिला ऐकू येईना. तिने चाचपून सासूचा हात शोधला. त्याची मूठ वळलेली होती, घामाने ओली. मग धक्क्याच्या टायरांवर बोट आदळली, फळी पडली, पावले वाजू लागली. तिघींपैकी कोणीही वळले नाही.

"तूसुद्धा?"

नवरा मागे उभा होता. सदरा अंगाला चिकटलेला, टोपी कुठेच नव्हती. तो हसत होता, पण ओठ जागेवर राहत नव्हते.

"दोन बोटींची माणसं एकीत कोंबली," तो म्हणाला. "पाय ठेवायला जागा नव्हती. मध्येच अशी कलली ना, वाटलं, संपलं. विचारायला पाहिजे कोणीतरी यांना."

शिळेला टेकून कंपनीचा माणूस तिकिटे गोळा करत होता. त्याच्याकडे कोणी पाहिले नाही.

सुनेने उजवा हात ओढणीत गुंडाळून घेतला.

"मी हात नाही हलवला," ती म्हणाली. "आईंना विचार."