लोखंडाच्या लेकीचं गाणं

रेल्वेवरची तुमची आवडती गाणी कळवा, असं रेडिओवर जाहीर झालं आणि गल्लीतल्या निम्म्या लोकांना एकाएकी आवड उत्पन्न झाली. वाण्यानं शिट्टीचं गाणं कळवलं, शिंपिणीनं निरोपाचं. मी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि मनाशी गोळाबेरीज केली: या गाण्यांत गाडी नावाला, बाकी सगळा विरह. कुणीतरी जातं, कुणीतरी फलाटावर रडतं. गाडी ज्याच्यावरून जाते, त्या रुळाचं नाव कुणी काढत नाही.

माझ्या ताईनं काढलं. तिनं कळवून टाकलं, "माझं आवडतं गाणं कुठल्याच तबकडीवर नाही. आमच्या ह्यांच्या गळ्यात आहे."

हे म्हणजे माझे भावोजी. नोकरी रुळांच्या गँगमध्ये. जागचा हललेला रूळ पहारी लावून सरळ करायचा, आणि सगळ्यांचा जोर एका क्षणी लागावा म्हणून भावोजींनी गाणं सांगायचं. आमचं घर, म्हणजे ताईचं माहेर, रुळांना लागून. ताईनं खिडकीतून गाणं ऐकलं आणि गाणाऱ्याशी लग्न केलं. मग बिऱ्हाड गावात, रूळ लांब. पुढे रूळ सरकवायला यंत्रच आलं. लग्नात माणूस पदरात पडला, गाणं तेवढं राहून गेलं.

"म्हणा ना," असं ती वर्षानुवर्षं म्हणत आली.

"आठवत नाही गं," हे भावोजींचं ठरलेलं उत्तर.

"लोखंडापुढे गळा मोकळा, बायकोपुढे कुलूप!" हे तिचं.

यात खोटं कोण बोलतंय ते मला कधी कळलं नाही. पण इतक्या वर्षांत ताईची एक गोष्ट पक्की झाली होती: या माणसानं आपल्याला एक वस्तू मुद्दाम दिलेली नाही. आणि माझी ताई दुसरं काहीही सोडेल, अशी गोष्ट नाही.

रेडिओवाली बाई रेकॉर्डिंगचं यंत्र घेऊन घरी आली, तेव्हा खोलीत चार खुर्च्या ओळीनं मांडलेल्या होत्या. ताईनं गँगमधले तिघे जोडीदारही बोलावून घेतले होते. एक लंबू, एक पैलवान (आता नावापुरताच), आणि एक कुणाचं ऐकायचं नसलं की बहिरा होणारा. चौघांनी इस्त्रीचे शर्ट घातले होते, आणि दात उपटून घ्यायला आल्यासारखे बसले होते.

"करा सुरू," रेडिओवाली म्हणाली.

भावोजींनी घसा साफ केला. मग पुन्हा केला. "लोखंडाच्या... लोखंडाची... काय रे होतं?"

"तू सांगायचास, आम्ही ओढायचो," लंबू म्हणाला. "आम्हाला काय विचारतोस?"

"चाल तरी धरा," रेडिओवालीनं सुचवलं. चौघांनी चार चाली धरल्या. ताई दारात उभी होती. तिचा चेहरा मला ओळखीचा होता. लहानपणी त्या चेहऱ्यानंतर मी घराबाहेर पळत असे.

"या बाई इतक्या लांबून आल्यात," ती हळू म्हणाली, "आज तरी नाटक करू नका."

"शपथ घेऊ का आता?" भावोजी म्हणाले. "नाही येत गं. शोधतोय, पण जागेवर नाहीये."

 सुटका करायची म्हणून असेल, रेडिओवाली म्हणाली, "या मोकळ्या भिंतीमुळे आवाज घुमतोय. ते कपाट इकडे घेता येईल का?"

ते कपाट लोखंडी. त्यात ताईचा सगळा संसार ठासून भरलेला. मी म्हटलं, "आधी रिकामं करावं लागेल." पण चौघे उठलेसुद्धा. बाह्या सारल्या, खांदे टेकवले, पाय रोवले. पैलवान म्हणाला, "हं, सांग रे."

आणि भावोजींनी सांगितलं.

"लोखंडाच्या लेकी गं..."

"हलशील का?" तिघे.

"सासर तुझं लांब गं..."

"चालशील का?"

"मुकादमाची मिशी गं..."

"ओढू का?"

"वाकडी वाट धरलीस तर..."

"सोडू का? हं!"

त्या "हं"ला कपाट हललं. सरकलं म्हणणं चुकीचं होईल, ते निघालं. आतली भांडी किणकिणली, फरशी पायाखाली थरथरली. मघाशी खुर्चीत बसताना गुडघे धरणारे हे चार म्हातारे, पण त्या घटकेला खोलीत म्हातारं कुणीच नव्हतं. चार पाठी एकदम वाकत होत्या, एकदम ताठ होत होत्या, आणि भावोजींचा आवाज... मी त्यांना आयुष्यभर भाजीवाल्याशी घासाघीस करताना ऐकलं होतं. हा आवाज उघड्या माळावरचा होता. तो चार भिंतींत मावत नव्हता.  मी चेष्टा करायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं.

कपाट भिंतीला टेकलं. भावोजींनी हात काढले, आणि गाणं ओळीच्या मध्यावर तुटलं.

"पुढचं?" रेडिओवालीनं कुजबुजत विचारलं.

भावोजी तोंड उघडून उभे राहिले. ओठ हलले, शब्द नाही. त्यांनी स्वतःच्या तळव्यांकडे पाहिलं, परक्याचे हात पाहावेत तसं. मग ताईकडे पाहिलं. चोरी पकडली गेलेल्या माणसाचा चेहरा असा नसतो. हा भांबावलेला होता.

ताईला ते दिसलं. ती पुढे आली. एवढ्या वर्षांचं भांडण तिच्या हातात होतं आणि ते कुठे ठेवावं हे तिला कळत नव्हतं. तिनं त्यांचा हात धरला आणि पुन्हा कपाटाच्या पत्र्यावर नेऊन ठेवला.

"आता परत तिकडे न्या," ती म्हणाली. "सावकाश न्या."

"अगं, पण आवाज घुमेल," भावोजी म्हणाले.

"घुमू दे."

चौघांनी पुन्हा पाय रोवले. भावोजींच्या हाताशेजारी ताईनं आपला तळवा पत्र्याला सपाट लावला, जोर न देता. आणि त्यांनी पहिला शब्द काढताच ती दचकली. कारण गाणं कानांच्या आधी त्या लोखंडातून तिच्या तळव्यात आलं.