तारेवरचं तांबं

देगलूरच्या तहसीलीत मी पेशकार होतो. पंचनामे उर्दूत लिहायचे आणि साहेबांची बोलणी खायची, एवढंच काम. निजामाच्या राज्यातल्या फसली सन तेराशे पन्नासात पेठेतल्या विहिरीचं पाणी कळकायला लागलं आणि दोन पोरं उलट्यांनी बेजार झाली. सगळ्यांनी एकमुखानं रत्नम्माचं नाव घेतलं. विहिरीलगतच तिचे कापड रंगवायचे रांजण होते, त्यात बाई विधवा आणि तेलुगू मुलखातली. साहेबांनी हुकूम काढला: दोष तिचा निघाला तर रांजण फोडा, बाईला गावाबाहेर घालवा.

तपासणी आली रेणुकादास सोनाराकडे. तांब्याच्या दागिन्यांवर मुलामा चढवायला त्यांनी हैदराबादेहून बॅटरी आणली होती. पाणी आटवून त्यात थेंबभर तेजाब टाकायचं आणि बॅटरीच्या तारा सोडायच्या. पाण्यात तांबं असलं तर एका चांदीच्या तारेवर ते लाल होऊन बसतं. मला हे शुद्ध थोतांड वाटलं होतं. पण विहिरीच्या पाण्यात तार डोळ्यांदेखत लाल झाली.

मग रत्नम्माच्या रांजणांच्या मोरीचं पाणी घेतलं. दुपार टळली तरी तार पांढरी ती पांढरीच.

"सुटली बाई," मी म्हणालो. "मग हे आलं कुठून?"

रेणुकादास उठले आणि विहिरीच्या वरच्या अंगाला असलेल्या स्वतःच्या दुकानामागच्या खड्ड्यातलं पाणी घेऊन आले. दागिने धुतलेलं तेजाब ते वर्षानुवर्षं तिथंच ओतत होते. तार घटकाभरात लाल झाली.

"ल्ह्या, पेशकारसाहेब. माझं नाव ल्ह्या."

"वेडे झालात का? तारेवर तुमचं नाव थोडंच आहे!"

"नाव न्हाई. पन तांबं माझंच हाय न्हवं?"

मी चिडलो, समजावलं, शेवटी लिहिलं. शेकडो पंचनामे केले, पण स्वतःचं नाव असं सांगणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

साहेबांच्या हुकुमाची वाट न बघता त्यांनी खड्डा उपसला. ते पाणी भंगार लोखंडावरून पुन्हा पुन्हा सोडलं, तसं तांबं लोखंडावर धरत गेलं. खड्डा बुजवला. विहिरीवर रोज मोट चालवली, रोज तार बुडवून पाहिली. नवव्या दिवशी ती पांढरी राहिली. पण पाण्याला कुणी शिवेना. "इख कालवनाराच म्हनतो पानी चांगलं," बाया कुजबुजल्या.

रेणुकादासांनी स्वतः प्यायला ओंजळ पुढं केली, तेवढ्यात रत्नम्मा पुढं आली.

"तुमी पिऊन कोन मानंल, अण्णा? सरा."

तिनं घागर ओढली, सगळ्यांसमोर पोटभर पाणी प्याली आणि तोंड पुसून म्हणाली, "गोड हाय. यांची तार खोटी असती तर आज मी गावात नसते."

बायांनी एकमेकींकडं पाहिलं. मग एकीनं दोर सोडला, मागोमाग दुसरीनं. रेणुकादास विहिरीच्या काठावर खाली बसले आणि माझ्यादेखत लहान मुलासारखे रडले.