आजची चूक

मी मुळात तापट बाई आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाचा गैरसमज नको. अठ्ठावीस वर्षं विज्ञान शिकवते आहे, पाचवी ते सातवी, आणि इतक्या वर्षांत माझ्या तासाला कोणी डुलकी काढलेली नाही. ते माझ्या आवाजामुळे, असं शिक्षकखोलीत म्हणतात. खरं कारण वेगळं आहे. मी रोज फळ्यावर मुद्दाम एक चूक करते.

नियम सोपा. तास संपायच्या आत चूक पकडली तर पकडणाऱ्याला अख्खा, न मोडलेला खडू मिळतो आणि त्याच खडूने त्याने ती सर्वांसमोर दुरुस्त करायची. कोणालाच सापडली नाही तर शेवटच्या मिनिटाला मी ती दाखवते आणि वर्गाची यथेच्छ टर उडवते. त्यामुळे मुलं घारीसारखी फळ्याकडे बघत बसतात. पाठीमागे मला चूकबाई म्हणतात. मला ते आवडतं, पण आवडतं असं मी दाखवत नाही.

तर यंदा सत्राच्या सुरुवातीला हेडसरांनी सभा घेतली. आता प्रत्येक विषयात कृत्रिम बुद्धिमत्ता वापरायची, असं त्यांनी जाहीर केलं. "ज्यांना जमेल त्यांचे वर्ग त्यांच्याकडेच राहतील," ते म्हणाले, "आणि ज्यांना जमणार नाही त्यांच्यासाठी ग्रंथालयात भरपूर काम आहे." हे बोलताना ते सबंध खोलीत फक्त माझ्याकडे बघत होते. ग्रंथालयातलं काम म्हणजे चार हजार पुस्तकांना लेबलं चिकटवणं. माझी सातवी मग संगणकवाल्या सरांकडे जाणार. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली बाई, तिने डिंकाची बाटली घेऊन बसायचं! वर हेडसरांनी तपासणी समितीला पहिलंच नाव माझं कळवून टाकलं. चौदा तारखेला समिती येणार, माझा पाठ बघणार आणि त्यावर सगळं ठरणार.

"सर, मला विचारलं तरी असतंत," मी म्हटलं.

"बाई, विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात."

हे मात्र खरं होतं.

संगणकवाले सर मनाने चांगले. त्यांनी मधल्या सुट्टीत मला शिक्षकखोलीतल्या लॅपटॉपवर बसवलं, कुठे लिहायचं ते दाखवलं आणि माझा अवतार बघून लगेच पळाले. मी लिहिलं, ‘सातवीसाठी प्रकाश आणि छाया, चाळीस मिनिटांचा पाठ.’ डोळ्यांची उघडझाप करेपर्यंत पाठ समोर. त्यात उद्दिष्टं नऊ.

मला हसूच आलं, कारण हे प्रकरण माझ्या चांगलं ओळखीचं होतं. दरवर्षी आमच्याकडे सरावासाठी शिकाऊ शिक्षक येतात. कडक इस्त्रीचे कपडे, सगळं पाठ, बोलणं ठाम, आणि तिसऱ्या बाकावर कोण बसलंय याचा पत्ता नाही. हे यंत्रही तसलंच. मी त्याचं नाव शिकाऊ ठेवलं आणि त्याच भाषेत त्याला फैलावर घेतलं. चाळीस मिनिटांत नऊ उद्दिष्टं म्हणजे मी शिकवू की मोजू? त्याने माफी मागून तीन केली. कोणताही शिकाऊ इतक्या लवकर ऐकत नाही, हे त्याच्या खात्यावर मांडायला हवं.

मग मी त्याला मुलं सांगितली. नावं नाही, नुसती कशी आहेत ते. एकाला लांब वाक्यं वाचता येत नाहीत, त्याच्यासाठी त्याने तोच धडा छोट्या वाक्यांत लिहिला. एक पोरगा फुटबॉलशिवाय दुसरं काही बोलत नाही, त्याला गोलपोस्टच्या छायेवर प्रश्न दिले. हुशार मुलांसाठी तर असा एक प्रश्न काढला की मीच जरा विचारात पडले. हे सगळं काम मी एरवी रविवारी चार तास बसून करते. म्हणजे करायला हवं. अलीकडे करत नव्हते.

घोडं अडलं ते चुकीपाशी. पाठात एक चूक घाल, असं सांगितल्यावर शिकाऊने आधी मला समजावलं की मुलांना बरोबर माहिती देणं महत्त्वाचं असतं. मला! मग कसाबसा तयार झाला आणि लिहिलं, ‘सूर्य हिरवा असतो.’ असली चूक पकडायला सातवी कशाला हवी? चौथ्या खेपेला एकदाचं बरं काहीतरी आलं, ‘दुपारी बारा वाजता छाया सगळ्यांत लांब पडते.’ वाचताना खरं वाटावं आणि मैदानावर उभं राहिलेल्याला खटकावं, अशी चूक. शेवटी त्याच्याकडून एक चित्रही काढून घेतलं. शाळेचं मैदान, सकाळचा सूर्य, मधोमध उंच खांब, त्याची छाया. रंग काय सुरेख!

आता यंत्राने दिलेलं तसंच्या तसं वर्गात नेणाऱ्यांतली मी नव्हे. सगळं छापून घरी आणलं आणि तेरा तारखेला संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर लाल पेन घेऊन बसले. तीनदा तपासलं. दोन स्वल्पविराम हलवले, ‘प्रस्तुत’ हा शब्द चार ठिकाणी खोडला. आमचे हे चहाचा कप घेऊन खांद्यावरून डोकावले. आयुष्यभर इमारतींचे नकाशे काढलेला माणूस, कागद दिसला की मान वळतेच.

"चित्र छान आहे गं," हे म्हणाले. "पण हा खांब—"

"अहो, मधेमधे बोलू नका. माझी ओळ चुकते."

ते बिचारे कप घेऊन गॅलरीत गेले.

चौदा तारखेला समितीची तीन माणसं आली. दोघं नुसती लिहिणारी आणि एक अधिकारीबाई, गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा. हेडसर नवा शर्ट घालून मागे कपाटाला टेकून उभे राहिले. मी पडद्यावर पाठ लावला. अकराव्या मिनिटाला फुटबॉलवाला ओरडला, "बाई, दुपारी छाया लांब नसते, आखूड असते! आम्ही खेळतो ना तेव्हा!" मी त्याला खडू दिला, त्याने ऐटीत फळ्यावर दुरुस्ती केली, वर्गाने टाळ्या वाजवल्या. हेडसरांच्या जिवात जीव आला. माझ्याही.

आणि मग खिडकीजवळच्या शेवटच्या बाकावरून हात वर झाला.

तो हात घुमीचा होता. हे तिचं शिक्षकखोलीतलं नाव. पाचवीपासून माझ्या वर्गात. लेखी परीक्षेत उत्तम, तोंडीला शून्य, कारण ती तोंडच उघडत नाही. मी तिच्या प्रगतिपुस्तकात तीन वर्षं एकच शेरा लिहीत आले होते, ‘बोलत नाही. प्रयत्न करावा.’ तिचा हात वर गेलेला मी कधी पाहिला नव्हता, म्हणून आधी वाटलं, हिला बाहेर जायचं असेल.

"बाई," ती म्हणाली, "चित्रात सूर्य डावीकडे आहे. खांबाची छाया पण डावीकडेच पडलीय."

मी वळून पडद्याकडे पाहिलं. खरं म्हणजे ते चित्र मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. सूर्य डावीकडे, आणि खांबाची काळीभोर छाया सरळ सूर्याच्याच दिशेने पसरलेली. प्रकाश आणि छायेचा पाठ, आणि छाया उलटी! एकूण एक शब्द मी तपासला होता. पण अठ्ठावीस वर्षं वह्या तपासून माझी नजर अशी झाली आहे की ती अक्षरापाशीच थांबते. वहीत चित्र आलं की मी न बघता ‘सुबक’ लिहिते आणि पान उलटते. (घरी गेल्यावर हे म्हणाले, "मी तेच सांगत होतो." मी त्यांना चहा करून दिला.)

अधिकारीबाईंनी चष्मा काढला. "वा! म्हणजे एक चूक शब्दांत आणि दुसरी चित्रात लपवलीत! यंत्राने दिलेलंसुद्धा तपासून घ्यायचं, ही सवय लावताय तुम्ही मुलांना. मुद्दाम ठेवलीत ना ही?"

हेडसर मागून इतक्या जोरात मान हलवत होते की मला त्यांच्या मानेची काळजी वाटली. आता मला फक्त हसायचं होतं. बोलायचीही गरज नव्हती. हसले की सातवी माझी, आणि डिंकाची बाटली दुसऱ्या कोणाची तरी. हसू निम्मं ओठांवर आलंही होतं.

पण घुमी अजून उभीच होती. तिने विचारलं, "बाई, ही आजची चूक का?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला नुसतं माहीत करून घ्यायचं होतं. हो म्हटलं असतं तर ती खडू घेऊन खाली बसली असती, आणि पुन्हा बोलली नसती. हे मला कसं कळलं ते सांगता येणार नाही, पण अगदी स्वच्छ कळलं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधत मी जन्म काढला, आणि माझं मुसळ आज सहा फुटी पडद्यावर रंगीत दिसत होतं.

"नाही," मी म्हटलं. "आजची चूक दुपारच्या छायेची होती. ही मी ठेवलेली नाही. चित्र यंत्राने काढलं, पण तपासायचं काम माझं होतं आणि मला दिसलं नाही. तू सांगेपर्यंत मला माहीतच नव्हतं."

हेडसरांची मान थांबली. लिहिणाऱ्या दोघांची पेनंही थांबली.

घुमी तरीही बसली नाही. तिने दप्तरातून एक बारीकशी वही काढली. "मग अशा अजून आहेत."

"अशा म्हणजे कशा?"

"खऱ्या."

तीन वर्षांत अकरा, तिने मोजून सांगितल्या. अधिकारीबाईंनी कान टवकारले. मी म्हटलं, "वाच. मोठ्याने वाच." आणि ज्या पोरीचा आवाज मला नीट ठाऊक नव्हता, ती खणखणीत वाचू लागली. "उकळत्या पाण्यावर दिसते ती वाफ, असं बाई म्हणाल्या. वाफ दिसत नाही, दिसतात ते पाण्याचे थेंब. झाडं रात्रीच श्वास घेतात, असं म्हणाल्या. दिवसाही घेतात. वटवाघूळ पक्ष्यांच्या यादीत घातलं. फळ्यावर तारीख चुकीची लिहिली. हे सारखं होतं, म्हणून एकदाच धरलंय. आजची चूक म्हणून ‘टोमॅटो हे फळ आहे’ असं लिहिलं. पण ते बरोबरच आहे."

टोमॅटोला वर्गात हशा पिकला. मीही हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. चूक करायची ठरवून बरोबर लिहिणारी शिक्षिका जगात दुसरी नसेल.

"अगं, मग इतके दिवस बोलली का नाहीस?" मी विचारलं.

तिने पुढे येऊन वही माझ्यासमोर धरली, पहिलं पान उघडून. वर पाचवीतली तारीख होती. खाली, ‘बाईंनी कोळ्याला सहा पाय काढले. आठ असतात.’ आणि त्याच्यापुढे बारीक अक्षरात, ‘सांगितलं होतं.’

बाकीच्या दहांपुढे तसं काही लिहिलेलं नव्हतं.

मग मला आठवलं. नवीन आलेली छोटी मुलगी, पहिलाच महिना, उभी राहून काहीतरी पायांबद्दल बोलली होती. मी म्हटलं होतं, "आजची चूक ती नाही. बस खाली." आणि वर्ग हसला होता. मीच हसवला होता. नंतर तीन वर्षं मी तिलाच लिहीत होते, प्रयत्न करावा. मला इतकी लाज वाटली की समिती, हेडसर, ग्रंथालय, सगळं डोक्यातून निघून गेलं.

घंटा झाली, घुमी जागेवर गेली. अधिकारीबाई दाराशी थांबल्या आणि हेडसरांना म्हणाल्या, "हा वर्ग पुढेही यांच्याकडेच आहे ना?"

"हो हो, अर्थात," हेडसर म्हणाले. मग माझ्याकडे वळून हळूच, "आणि शनिवारी ग्रंथालय. लेबलं."

शनिवार तर शनिवार. मी मागे शेवटच्या बाकावर जाऊन घुमीशेजारी बसले. मुलं दप्तरं भरता भरता थबकून बघत होती. मी लाल पेन काढलं आणि ‘सांगितलं होतं’च्या शेजारी लिहिलं, ‘ऐकलं. फार उशिरा.’ खाली सवयीप्रमाणे सही ठोकली आणि तारीख घातली.

घुमीने वाकून पाहिलं.

"बाई," ती म्हणाली, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशी, "आज तेरा नाही, चौदा."

मी खोडून चौदा केलं. तिने पेन्सिल काढली, सावकाश चित्रातल्या छायेची बारावी नोंद लिहिली, आणि सहीसाठी वही पुन्हा माझ्यापुढे सरकवली.