न उघडलेलं पान

मित्रांनो, मी एक जुनी परडी आहे. नाक मुरडू नका. बांबूच्या कामट्यांची, पसरट, हळदी-कुंकवानं काळपटलेली, काठाला कवड्या शिवलेली. तुमच्या घरात प्लास्टिकच्या टोपल्या असतील. त्या कांदे सांभाळतात, मी देवी सांभाळते. मला त्यांच्या रांगेत बसवू नका, असं मी आतापर्यंत मोठ्या तोऱ्यात सांगत होते. आता तो तोरा राहिला नाही. मान खाली घालूनच बोलते आहे, म्हणून आवाज जरा दबका वाटेल.

माझा जन्म माहूरच्या डोंगराखाली झाला. चांगुणा नावाच्या बुरडिणीनं मला विणलं. तिच्या बोटांना कामट्या इतक्या वेळा लागल्या होत्या की माझ्या विणीत तिचं थोडं रक्तही असेल. अहमदपूरजवळच्या खेड्यातली अयोध्याबाई आपली नवी सून घेऊन गडावर आली होती. त्या सुनेचं नाव नागाबाई. तिनं दुकानातल्या साऱ्या परड्या ठोकून, वाकवून पाहिल्या. "ही ढिली. ही वाकडी. हिच्यात तर पीठबी टिकायचं न्हाई," असं करत चांगुणाला रडकुंडीला आणलं आणि शेवटी मला उचललं. "ही घट्ट हाय. माझ्यासारखी." तेव्हाच मी ओळखलं, आमचं जमणार.

रेणुकामातेच्या पायाशी ठेवून तिनं मला घरी आणलं. मंगळवारी आणि शुक्रवारी ती मला हातावर घेऊन पाच दारं जोगवा मागायची. घरात जोंधळ्याची पोती असली तरी देवीच्या नावानं दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं, अशी ती रीत. माणसाचा माज उतरावा म्हणून असावी. नागाबाईचा काही उतरला नाही. ती जोगवासुद्धा वसुलीला आल्यासारखी मागायची. "उदो" म्हणायच्या आधी "चाळून दे गं, मागच्या खेपेला सोंडे निघाले" म्हणायची.

शाळा म्हणाल तर नागाबाई दुसरी शिकली, आणि मी दोन दिवस. गावच्या शाळेत पोरींनी गोंधळाचा नाच बसवला होता, त्यासाठी मला नेलं होतं. मास्तरांनी माझ्यात खडू ठेवले. तेवढंच आमचं शिक्षण.

माझी खरी ऐट मात्र वेगळ्याच कामाची होती. घरात काही अडलं, दोन वाटा दिसल्या आणि माणसांचं एकमत होईना, की मला पाटावर मांडत. विड्याच्या पानांच्या दोन पुड्या बांधायच्या. एकीत सुपारी, दुसरीत हळकुंड. हाताला कळू नये म्हणून आधी कापसात गुंडाळायचं. सुपारी म्हणजे ही वाट, हळकुंड म्हणजे ती वाट, असं देवीला मोठ्यानं सांगायचं, आणि घरातल्या लहान लेकराला एक पान उचलायला लावायचं. जे उचललं ते उघडायचं. दुसरं उघडायचं नाही. ते तसंच विहिरीत सोडायचं. अयोध्याबाई म्हणायची, "नशिबात नसलेलं बघितलं की मन तिकडंच ऱ्हातंय."

विहीर कुठं खणायची ते माझ्यातून निघालं, आणि पाणी लागलं. नागाबाईच्या मुलाचं, देविदासचं लग्न झालं आणि सिंधु सून म्हणून आली. तिला अहमदपूरला डी.एड. करायचं होतं. हळकुंड निघालं तर शिक, सुपारी निघाली तर घर, असं ठरलं. सुपारी निघाली. सिंधुनं नमस्कार केला, पदर खोचला आणि चुलीपुढं बसली. देवीनंच सांगितलं म्हटल्यावर ती कधी कुरकुरली नाही. गाव म्हणायचं, नागाबाईच्या तोंडाला काटे असतील, पण तिची परडी खोटं बोलत नाही. मी फुगायची.

पुढं मोबाईल आले. लोक रस्ता, भाव, पाऊस सगळं त्यालाच विचारू लागले. मी पिठाच्या डब्याच्या वर खिळ्याला लटकले. काठ एका बाजूनं उसवला. तो कोणी विणला नाही. फक्त देविदासची मुलगी तनुजा, डबा उघडताना माझ्याकडं बघून म्हणायची, "परडीबाई, झोपलीस का?"

ह्या तनुजाचीच गोष्ट सांगायची आहे.

तिचे आजोबा, म्हणजे नागाबाईचे मालक श्रीमंतआजोबा, अर्ध्या अंगानं पडले, तेव्हा ती दहावीत होती. त्यांची कूस बदलणं, अंग पुसणं, पाठीला जखम होऊ न देणं, सगळं शेवटपर्यंत तिनं केलं. किळस नाही, घाई नाही. आजोबा म्हणायचे, "ह्या पोरीचा हात लागला की दुखणं भिऊन बसतंय." आणि तीच पोरगी बोअरच्या मोटारीचा स्टार्टर बिघडला की पक्कड आणि टेस्टर घेऊन पळायची. गावातल्या म्हाताऱ्या वायरमनच्या, पंचाक्षरीकाकांच्या, मागं मागं फिरून ती शिकली होती. मोटार घुर्रर्र करून चालू झाली की ही हसायची, जणू तिनंच पाणी पाडलं.

बारावी झाली. नांदेडला नर्सिंगला नंबर लागला. लातूरच्या आयटीआयला वीजतंत्री म्हणूनही लागला. सोमवारपर्यंत एक ठिकाण पक्कं करायचं होतं. तनुजा सकाळी एक म्हणायची, सांजच्याला दुसरं.

"बघ बाबा," देविदास म्हणाला, "नर्स झाली तर सुई टोचंल, वायरमन झाली तर शॉक देईल. बापाचं मरण दोन्हीकडंबी हाय."

"पोरीनं खांबावर चढायचं?" नागाबाई कडाडली. "अन् खालून सारं गाव बघंल!"

"अगं आजी, पँट घालून चढतात."

"मंग तर अजूनच बघंल!"

सिंधु पोळ्या लाटता लाटता हसली. मग तनुजा माझ्याकडं बघत म्हणाली, "आजी, आपण परडीला विचारू. देवी सांगंल ते मला कबूल."

मला खिळ्यावरून उतरवलं, धूळ झटकली, नवं कुंकू लावलं. किती दिवसांनी! मी आनंदानं ताठ झाले. नागाबाईनं देवघराचं दार लोटून घेतलं. पानं ठेवली, कापूस ठेवला. एका पुडीत सुपारी घातली आणि दोरा गुंडाळला. दुसरी पुडी घेतली. हळकुंड उचललं, हातात फिरवलं आणि परत डब्यात टाकलं. दुसरी सुपारी काढली.

मित्रांनो, मी ओरडले असते. पण परडीला तोंड नसतं. तिच्यात जे घालतील ते ती धरून ठेवते. आजवर ह्याच गुणाचा मला गर्व होता.

सगळे जमले. सुपारी नांदेडची, हळकुंड लातूरचं, असं देवीला सांगितलं. देविदासच्या भावाची चार वर्षांची रुद्राणी पुढं आली. तिनं एक पान उचललं, लगेच दुसऱ्यालाही हात घातला. "एकच गं माझे बाई!" म्हणून नागाबाईनं तिच्या हातावर चापट मारली. पान उघडलं. सुपारी.

"उदो गं आई, उदो!" सगळे म्हणाले. तनुजानं माझ्या उसवलेल्या काठावर डोकं टेकलं. कामटी टोचली असेल, तरी ती तशीच राहिली. मग उठली, आतून पक्कड आणि टेस्टर फडक्यात बांधून आणले आणि माझ्यात ठेवले. "हे देवीपाशीच असू द्या. मी आता हात लावणार न्हाई. लावला की मन तिकडं जाईल."

एका बाजूला ती अवजारं आणि दुसऱ्या बाजूला ते खोटं पान. आजवर शेरानं पीठ वाहिलं, पण एवढं जड मला कधी काही झालं नव्हतं.

ऊन कलल्यावर नागाबाई मला कमरेवर घेऊन विहिरीकडं निघाली. तनुजा मागून आली.

"आजी, एक मागू? त्या पानातलं हळकुंड मला दे ना. पान सोड पाण्यात. हळकुंड मी नांदेडला पेटीत ठेवते. आठवण म्हणून."

असं कोणी कधी मागितलंच नव्हतं. नागाबाईचा हात माझ्या काठावर आवळला. "काय येड लागलं का? न उघडलेलं पान उघडायचं नसतंय. माहीत न्हाई का तुला?"

"बरं," तनुजा म्हणाली. फक्त बरं. आणि पुढं केलेला हात मागं घेतला.

ती भांडली असती तर नागाबाई जिंकली असती. भांडणात तिला कोणी हरवलेलं नाही. पण ह्या एका "बरं"शी भांडायचं कसं? विहिरीच्या काठावर ती उभी राहिली, पान उचललं, पाण्यावर धरलं. मग ते परत माझ्यात टाकलं आणि चपला वाजवत घराकडं वळली.

"सिंधु, बाहेर ये. देविदासा, ठेव तो मोबाईल."

ओट्यावर मला ठेवून तिनं सगळ्यांसमोर दोरा तोडला. पान उलगडलं, कापूस काढला. सुपारी गडगडत माझ्या मध्यावर आली.

"आई, ही तर सकाळी निघाली की," देविदास म्हणाला.

"सकाळची येगळी. ही दुसरी. दोन्हीत म्याच घातली."

तनुजा सुपारीकडं बघत होती. "कामून आजी?"

"कामून म्हंजी? खांबावरून पडली असतीस तर? करंट लागला असता तर?" आवाज चढला आणि मधेच बसला. "खोटं बोलून राहिले. पडायची फिकीर नव्हती मला. तू आज्याची कूस बदलायचीस, तवा मी दारात उभी राहून बघायची. वाटायचं, माझ्या टायमाला ही नसली तर मला कोण बघंल? नर्स झाली की हक्कानं बोलावता येईल म्हनलं. वायरमनला काय म्हनून बोलवायचं?" तिनं पदर तोंडाला लावला. त्या बाईला पदराआड जाताना मी पहिल्यांदा पाहिलं.

तेवढ्यात सिंधु बोलली. ती कधी मोठ्यानं बोलत नाही, तेव्हाही बोलली नाही. "आत्याबाई, मंग माझ्या टायमाला?"

"न्हाई गं माय. देवीशपथ. तुझं खरं होतं."

सिंधुनं मान हलवली. पण कशी, तर बाजारात भाव पटला नसताना हलवतात तशी. आणि आत निघून गेली.

मित्रांनो, तिचं खरंच खरं होतं. त्या दिवशी माझ्यात एक सुपारी होती आणि एक हळकुंड होतं. मी पाहिलं आहे. पण आता कोण मानणार? आजचं खोटं वीस वर्षं मागं गेलं आणि माझं तेव्हाचं खरंही खाऊन आलं. सिंधुनं जे देवीचं म्हणून हसत सोसलं, ते आता तिला माणसाचं वाटतं आहे, आणि माणसाचं सोसणं फार कडू असतं.

तनुजा ओट्यावर बसली, माझ्या शेजारी. "मी पण काय शहाणी न्हाई, आजी. दोन्ही आवडतंय म्हणून सगळं देवीच्या गळ्यात टाकून मोकळी झाले. पुढं चुकलं असतं तर देवीला बोल लावला असता. मला भ्या वाटत होतं." मग तिनं माझ्यातलं फडकं उचललं आणि गाठ सोडली. "मी लातूरला जाते. माझं मी सांगून राहिले, देवी न्हाई. चुकलं तर माझं."

नागाबाई माझ्यातला कापूस वेचू लागली.

"अन् तू आजारी पडलीस तर येईन की! लातूर काय दिल्लीला हाय? एसटीत बसलं की दुपारच्या जेवणाला घरी. कूस बदलायला कोणतं सर्टिफिकेट लागतंय गं?"

जायच्या आधी तिनं मोटारीच्या जुन्या वाइंडिंगची तांब्याची तार आणली आणि माझा उसवलेला काठ बांधला. घट्ट, एकावर एक वेढे. जिला मी फसवलं, तिच्याच हातानं मी धड झाले. ऊन पडलं की तो काठ चमकतो आणि मला कुठं तोंड लपवावं कळत नाही.

शुक्रवारी नागाबाई मला घेऊन जोगव्याला निघाली. मला वाटलं होतं, ह्या खेपेला ती घरातच बसेल. पहिल्याच दारात मंजुश्रीनं पीठ घालता घालता विचारलं, "काय मामी, पोरगी लातूरला गेली म्हणं? देवीनं लातूर सांगितलं का?"

हो म्हटलं असतं तर निभावलं असतं. मला वाटलं, म्हणेलच.

"देवीला इचारलंच न्हाई म्या," नागाबाई म्हणाली. डोळे माझ्यातल्या पिठावर. "लबाडी केली. मंग पोरीला इचारलं."

मंजुश्रीचा हात तसाच थांबला. पुढच्या दारीही तोच प्रश्न आला आणि तेच उत्तर गेलं. त्या दिवशी नागाबाईनं पहिल्यांदा जोगवा जोगव्यासारखा मागितला. पीठ चाळलेलं होतं की नाही, तिनं पाहिलं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी जुनी परडी असेल, तर तिची धूळ झटका, काठ उसवला तर बांधा. तिच्यात पीठ घाला, मीठ घाला, मूठभर जोंधळे घाला. पण लेकराची वाट तिच्यात घालू नका. ती लेकराच्या हातावर ठेवा, आणि तुमचं भ्या तुमच्या तोंडानं सांगा.

आणि कधी आमच्या गावाकडं आलात तर सिंधुला तेवढं सांगा, की तिच्या दिवशीचं पान खरं होतं. ती रोज मला पुसते, पण तोंड दुसरीकडं करून.