सात नंबरची खरखर

दिवे तुम्ही लावलेत, साहेब, आणि दोष मेलेल्याला दिलात. मेलेला उलटून बोलत नाही, हे तुम्हाला पक्कं ठाऊक. चौकशीचं नाटक झालं, 'चालकाने दिवे बंद ठेवून बेफिकिरीने गाडी चालवली' असं जाहीर करून तुम्ही हात झटकलेत आणि जेवायला गेलात. त्या एका वाक्यानं एका घराचं काय केलं, ते ऐका.

घर वायरवालीचं. बाप गेल्यावर मोटरसायकलींच्या वायरिंगचं दुकान तिनं अंगावर घेतलं, तेव्हापासून हेच तिचं नाव. धाकट्या भावाला तिनंच वाढवलं. तो मदत पथकात लागला. घाटात अपघात झाला की औषधं आणि ऑक्सिजन घेऊन मोटरसायकलवरून धावायचं, हे त्याचं काम. गाडी नंबर सात. एका संध्याकाळी तो घाटातल्या वळणावर उभ्या ट्रकवर आदळला. त्याच्या गाडीच्या पुढच्या दिव्यांचं बटण बंद सापडलं.

"बंद का केलं असेल गं त्यानं?" आईचा तेव्हापासून हा एकच प्रश्न.

लोकांकडे उत्तर तयार होतं. त्याचं ठरलेलं लग्न नुकतंच मोडलं होतं. मग काय, जिभेला हाड नसतंच. मुद्दाम गेला म्हणाले. आई दारात दिसली की गप्प व्हायचे, आणि ते गप्प होणं तिला सगळं सांगून जायचं. वायरवालीनं आईला शंभरदा समजावलं, पण तिच्याही मनात ते कुसळासारखं सलत होतं.

अशात ती गाडी दुकानात आली. पुढचा भाग नवा बसवला होता, नंबर तोच. घेऊन आला खांब्या, भावाचा जोडीदार, उंचीमुळे पडलेलं नाव. गाडी आता त्याला दिली होती.

"ताई, रेडिओ खरखरतोय. दुसरीकडे नेली असती, पण दिवे आणि रेडिओ दोन्हीतलं कळणारं दुसरं कोण आहे?"

"म्हणजे मला कळतं, म्हणून ही शिक्षा?"

खांब्यानं किल्ली तिच्या हातात ठेवली.

भर दुपार होती. तिनं किल्ली फिरवली, रेडिओ लावला. स्वच्छ. मग दिवे लावले आणि खरखर उसळली, तव्यावर ओली वाळू घासावी तशी. साहेब, तुमच्या पथकानं बाहेरून घेतलेले हे स्वस्तातले एलईडी. आतली डबी वीज सेकंदाला हजारोदा तोडते-जोडते आणि तो गोंगाट थेट रेडिओत शिरतो. तिला हे नवं नव्हतं. नवं होतं ते वेगळंच. मधूनच खरखर थांबायची, दम घ्यावा तशी. आणि बोलायचं बटण दाबलं की जो लाल ठिपका लागतो, तो कुणी हात न लावता लागला. थोडा वेळ तसाच राहिला. विझला.

"हे काय?"

"त्या वळणावरही लागतो," खांब्या हळूच म्हणाला. "मी कुणाला बोललो नाही. वेड्यात काढतील."

मागच्या दारातून आई बाहेर आली, ओल्या हातानं. "आलाय का तो?" तिनं विचारलं. मग तिचं तिलाच समजलं आणि ती टायरांच्या ढिगाला टेकून उभी राहिली. आत मात्र गेली नाही.

वायरवाली एकेक वायर चाचपू लागली. तेवढ्यात खरखरीतून पथकाच्या कचेरीची हाक फुटली, शब्द एक कळेना. खांब्या गाडीशेजारी उभा. त्याचा अंगठा आपसूक पुढे गेला आणि त्यानं दिवे बंद केले. हाक स्वच्छ ऐकू आली. गाडी कधी तयार होईल, असं कुणीतरी विचारत होतं. त्यानं उत्तर दिलं, दिवे परत लावले.

ती त्या अंगठ्याकडे बघत राहिली.

"हे काय केलंस?"

"काय?"

"दिवे घालवलेस."

"हो मग. नाहीतर ऐकणार कसं? सगळेच करतात. आम्ही त्याला डोळा मिटणं म्हणतो..." आणि तो अर्ध्यातच थांबला.

"सगळेच करतात," ती म्हणाली. "आणि चौकशीत?"

"साहेब म्हणाले, जो दिवे बंद करतो त्यानं हात वर करावा, म्हणजे त्याला आजच घरी पाठवतो. ताई, माझीही पोरं आहेत."

"एकानंही हात वर केला नाही?"

"खरखरीची तक्रार आम्ही अपघाताच्या आधी तीनदा केली होती. साहेब हेल्मेट नीट घाला म्हणाले."

"वा! रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला."

आई पदरानं हात पुसत राहिली, कोरडे झाले तरी पुसत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे त्यानं ऐकायला दिवे घालवले होते. कुणीतरी पडलंय, हे ऐकायला."

"हो, आई."

वायरवाली पुन्हा कामाला लागली. आता कुणाला डोळा मिटावा लागता कामा नये. दिव्यांच्या वायरी तिनं अँटेनाच्या वायरीपासून सोडवून दुसऱ्या बाजूनं नेल्या, वेणीसारख्या पिळल्या. चार्जरच्या वायरीवर असतो तसला काळा, गोंगाट अडवणारा फेराइटचा गोळा प्रत्येक दिव्याच्या डबीशी चढवला. अर्थिंगच्या बोल्टखालचा रंग खरवडून पत्रा उघडा केला आणि बोल्ट आवळला. मग दिवे लावले.

खरखर मेली. दिवे भगभगत होते आणि रेडिओ विहिरीसारखा शांत.

त्या शांततेत लाल ठिपका लागला.

"सात बोलतोय. नीट आलं नाही. पुन्हा सांगा."

खांब्या दोन पावलं मागे सरकला. वायरवालीचा पाना हातातून पडला. आवाज धाकट्याचा होता, घाईतला, थोडा वैतागलेला. आई पुढे आली, तिनं माईक हातात घेतला. वायरवालीनं बटण दाखवलं. बोटावर बोट ठेवून दाबलं.

"दिवे लाव, बाळा," आई म्हणाली. "आता दिवे लावूनही ऐकू येतं. ताईनं केलंय."

तिनं बटण सोडलं. मग:

"पुन्हा सांगा. कचेरी, पुन्हा सांगा. मी ऐकतोय."

कचेरीतून कुणी बोललं नाही. साहेब, तो तुम्हाला विचारतोय, आईला नाही. बेफिकीर कोण होतं? सात नंबर वाट बघतोय. माईक उचला आणि सांगा.