वीनचं कार्ड

शब्दकोशाच्या कचेरीत एक रीत होती: ज्याच्या हातचं कार्ड, त्याचं नाव पुस्तकात. कार्डावर इंग्रजी शब्द, मराठी अर्थ, एक उदाहरण आणि कोपऱ्यात लिहिणाऱ्याची सही. तिच्या वाट्याला 'हलवणे, काढून घेणे' हा कप्पा आला होता. चारशे बारा कार्डं. रिमूव्ह म्हणजे नुसतं हटवणं, विथड्रॉ म्हणजे आपणच दिलेलं मागे घेणं, कॉन्फिस्केट म्हणजे अधिकाराच्या जोरावर घेणं, डिप्राइव्ह म्हणजे हक्काचं असून मिळू न देणं. ही कुसळं निवडता निवडता तिला सातवा महिना सरला. राहिलं एकच कार्ड, वीन. तान्ह्याचं अंगावरचं दूध तोडणं. पोटातल्या जिवासमोर ते काही तिला लिहवेना.

रजेवर जाताना सर म्हणाले होते, "रजा संपली की एक तारखेला हजर राहा म्हणजे झालं. नावांची यादी त्याच दिवशी छापखान्यात जाईल."

लेक जेमतेम पाच महिन्यांची. तिने पंधरा दिवस आधीपासून लेकीचं दूध तोडायला घेतलं.

"पोरीच्या तोंडचं काढून कसली पुस्तकं लिहितेस गं?" बाटली उकळताना सासूबाई म्हणाल्या.

"नाव येणार आहे माझं."

"मग ते चाटून पोट भरेल हो तिचं."

लेक बाटलीचं बूच जिभेने ढकलून तिच्याकडे झेपावायची. ती दुसऱ्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायची आणि दाराला कान लावून बसायची.

एक तारखेला ती पावणेदहालाच पोचली. घरचा फोन आला तर दिसावा म्हणून मोबाइल टेबलावर उताणा ठेवला आणि कप्पा ओढला. अक्षर तिचं नव्हतं. उदाहरणांची वाक्यं तिचीच, मास्तरांनी जप्त केलेला भोवरा तिचा, शेजाऱ्याने परत नेलेली शिडी तिची. सही मात्र शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याची. मोत्यासारख्या अक्षरामुळे सगळे त्याला 'सुवाच्य' म्हणत.

"ताई, आलात? बाळ काय म्हणतंय?"

"माझी कार्डं कुठायत?"

"ती होय. सरांनी स्वच्छ प्रत करायला सांगितली. तुमचं अक्षर म्हणजे, राग मानू नका, शाईत पडलेली मुंगी चालत गेल्यासारखं."

"आणि सही?"

"ज्याच्या हातचं कार्ड... रीतच आहे ना."

ती सरांकडे गेली.

"यादी काल गेली," सर म्हणाले. "छापखान्याने घाई केली. शिवाय बाळंतीण परत येईल न येईल, कोणी सांगावं? आता आलाच आहात तर वीन तेवढं करून टाका. तुम्हाला तर ताजा अनुभव."

छाती दुधाने दगडासारखी झाली होती. आत ठेवलेला रुमाल भिजला होता. उठून जावं असं वाटलं. पण दूध तर तोडून झालं होतं. तिने कार्ड घेतलं आणि आपल्या टेबलाशी येऊन शाळेतल्यासारख्या गोल, ठळक अक्षरात लिहिलं: 'पुस्तकात नाव यावं म्हणून तिने पाच महिन्यांच्या मुलीचं दूध तोडलं, नाव आलं नाही.' कोपऱ्यात सही केली.

सरांनी तिथे येऊन वाचलं, पेनाचं टोपण काढलं. "उदाहरण फार लांबलं," म्हणत त्यांनी पुढचं, मागचं आणि मधलं खोडलं. उरलं, 'तिने मुलीचं दूध तोडलं.'

"हे कसं, सुटसुटीत," म्हणून त्यांनी कार्ड प्रत करायला सुवाच्यच्या टेबलावर सरकवलं.

मोबाइल उजळला. सासूबाई होत्या.

"काळजी करू नकोस," त्या म्हणाल्या. "आज बाटली धरली तिने. एकदासुद्धा दाराकडे बघितलं नाही."