एवाल्डचं दुसरं कबुतर

कारोलिनाचा सामना बाहेरगावी असला की निकाल आधी रेडिओवर यायचा, पण आमच्या वसाहतीत रेडिओला कुणी हिंग लावूनसुद्धा विचारत नसे. रेडिओ वॉर्साचा, आणि राजधानीतली ती माणसं आमच्या शिलेझियाबद्दल कधी खरं बोलल्याचं कुणाला आठवत नाही. एवाल्ड सोबिकचं कबुतर माळ्यावर उतरलं की मगच निकाल पक्का.

कारोलिना हे आमच्या कोळशाच्या खाणीचं नाव, आणि तेच आमच्या फुटबॉल क्लबचं. एवाल्ड आठवडाभर खाणीत राबायचा आणि सामन्याला टोपलीत कबुतर घेऊन निघायचा. शेवटची शिट्टी झाली की पायाला चिठ्ठी बांधून सोडून द्यायचा. इकडे त्याची धाकटी बहीण ट्रूडा माळ्यावरच्या कबुतरांच्या ढाबळीच्या झडपेतून डोकं बाहेर काढून आकडे वाचायची. अंगणात सूर्यफुलाच्या बिया सोलत ताटकळलेली माणसं तेव्हा कुठे टोप्या उडवायची, नाही तर पंचाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. आईबाप जाऊन वर्षं झाली होती. घरात ही दोघं आणि बावीस कबुतरं.

एकाहत्तर सालच्या ऑक्टोबरात कारोलिना एका युरोपीय चषकाच्या सामन्याला थेट पश्चिम जर्मनीत गेली. सोबत खाणीच्या बँडला परवानगी मिळाली. एवाल्डला बिगूल धड फुंकता येत नव्हता, पण तो बँडमध्ये घुसलाच. दोन कबुतरं बसली शेजारच्या ढोलवाल्या रूफिन पिकाच्या मोठ्या ढोलात. सरहद्दीवर शिपायाने विचारलं, "ढोल गुटर्गू का करतोय?"

"थंडीने चामडं आकसतं, साहेब," पिका म्हणाला. चेहरा असा की चर्चमध्ये बसलाय.

निघताना एवाल्डने बहिणीला बजावलं होतं, "पहिलं निकाल आणेल. दुसरी, निळी मादी, तिच्या पायाला काही नसणार. ती दिसली की समज, मी परतीच्या वाटेला लागलो. बटाटे उकडायला टाक."

सामन्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी पहिलं कबुतर आलं. एक-एक, बरोबरी! जर्मनांच्या घरात! अंगणात म्हातारेसुद्धा नाचले. ट्रूडाने बटाटे सोलून पाण्यात ठेवले आणि आभाळाकडे बघत बसली. निळी आली नाही. तिसऱ्या दिवशी बँडची बस आली, आणि पिका ढोल घेऊन दारात उभा राहिला.

"ट्रूडे, सामना संपल्यावर लघवीला जाऊन येतो म्हणाला गं. निळीला कोटात घालून गेला. आम्ही बस दोन तास थांबवली."

मग मिलिशियावाले, म्हणजे सरकारी पोलीस, आले. त्यांनी गाद्या उसवल्या, ढाबळ उपसली. "दुसरं कबुतर कुठंय?"

"तुम्हीच शोधा, साहेब," ट्रूडा म्हणाली. "सापडलं की भाऊही सापडेल."

त्या नाताळात एक कार्ड आलं: मी बरा आहे. पत्ता नाही. पुढे तेही नाही. पत्रं कोण कोण उघडतं हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे त्यावरून ट्रूडाने कधी त्याला दोष दिला नाही. बाकी दोष भरपूर दिला. भांडी घासताना मोठ्याने द्यायची.

ट्रूडा खाणीच्या दिवेखोलीत कामाला होती. पाळी सुटली की माणसं वर येऊन आपापले दिवे खिडकीत परत करतात, आणि एक जरी दिवा यायचा असला तरी खिडकी लावायची नाही, असा तिथला नियम. तोच नियम तिने माळ्यावर नेला. ढाबळीची झडप तिने रात्रंदिवस उघडी ठेवली. हिवाळ्यात आत बर्फ यायचं. एकदा बोका शिरून तीन पिल्लं घेऊन गेला.

"झडप लाव, बये," पिका म्हणायचा. "आणि निळीच्या नराला दुसरी जोडीण दे. बिचारा वाळत चाललाय."

"तुम्ही तुमचा ढोल बडवा, पिकाकाका."

तिला एवढंच हवं होतं, की एके दिवशी जिन्यात बूट आपटल्याचा आवाज यावा आणि कुणीतरी तिथूनच ओरडावं, जेवायला काय आहे? चषक गेला, चांगले खेळाडू गेले, कारोलिना घसरत घसरत खालच्या विभागात गेली. ट्रूडा दर रविवारी मैदानात जायची आणि आपल्या शेजारची जागा पर्स ठेवून अडवायची. कुणी त्यावरून तिला बोलत नसे.

सत्याहत्तरच्या मे महिन्यात, सोमवारी सकाळी, निळी आली. अंग हाडकुळं झालेलं, एक पंख फाटलेला. झडपेतून आत शिरून ती सरळ आपल्या जुन्या कप्प्यात गेली आणि नराला चिकटून बसली. ट्रूडाने तिला हातसुद्धा लावला नाही. जिन्यावरून ओरडत खाली आली, "बटाटे! कुणाकडे जास्तीचे बटाटे आहेत?"

मग काय, सगळी वसाहत कामाला लागली. कुणी मांस दिलं, कुणी लाल कोबी. ट्रूडाने बटाट्याचे गोळे वळले, मांसाच्या गुंडाळ्या शिजवल्या, एवाल्डची गादी उन्हात टाकली. सोमवारी ती स्टेशनवर पश्चिमेकडून येणाऱ्या प्रत्येक गाडीला उभी राहिली. मंगळवारीही राहिली. गोळे दोनदा नव्याने वळले.

बुधवारी पिका निळीला दाणे घालायला वर चढला. तिला हातात घेतल्यावर तो थबकला.

"ट्रूडे, हिच्या पायाला दोरा आहे. चिठ्ठी आहे गं."

ट्रूडाने बघितलंच नव्हतं. निळीच्या पायाला काही नसणार असं ठरलं होतं, मग कशाला बघेल? कागद बोटाएवढा, अक्षर मुंगीएवढं.

*ट्रूडे, हिला आता तुझ्याकडेच ठेव. सहा वर्षं रोज वाटायचं, उद्या सोडेन आणि निघेन. आता इथे बायको आहे, मुलगी आहे. मी येत नाही. इथल्या पेपरात कारोलिनाचा निकाल कधीच येत नाही. रविवारी काय झालं?*

ट्रूडाने चिठ्ठी पिकाला दिली. खाली जाऊन तिने पातेल्यातले गोळे सगळ्या घरांत वाटून टाकले. कुणी नको म्हणालं नाही.

पुढच्या रविवारी कारोलिनाने घरच्या मैदानावर तीन-शून्यने सामना मारला. ट्रूडा शिट्टी व्हायच्या आधीच उठली. पिका ढोलासकट मागून धापा टाकत आला, तेव्हा ती अंगणात निळीच्या पायाला दोऱ्याने चिठ्ठी बांधत होती.

"अगं, कबुतर आपल्या घरीच येतं. जायचं म्हणून जात नाही. हे मी तुला शिकवायचं?"

"ठाऊक आहे मला."

तिने हात वर केले. निळी उडाली, खाणीच्या तोंडावरच्या उंच चाकांवरून गेली, मैदानावरून गेली, आणि पश्चिमेकडे इतकी लांब गेली की ट्रूडा टाचा उंचावून बघू लागली. मग वळली. दहा मिनिटांत ती झडपेतून आत आली.

ट्रूडा माळ्यावर चढली. तोवर मैदानातून परतलेली माणसं अंगणात जमली होती. सगळ्यांनी तिन्ही गोल डोळ्यांनी पाहिले होते. तरी बियांची टरफलं थुंकायची थांबवून सगळे वर बघत राहिले. पिकाने टोपी काढली.

"ट्रूडे," त्याने खालून विचारलं, "निकाल काय?"

तिने दोरा सोडला, झडपेतून डोकं बाहेर काढलं आणि पश्चिमेकडे तोंड करून, घसा फुटेल एवढ्या मोठ्याने वाचलं,

"तीन-शून्य! जिंकलो, एवाल्ड!"

मग तिने डोकं आत घेतलं आणि झडप लावली.